उंच हिमालयात फुलांचं परागीभवन कसं बघायचं (ट्रेकला जाणाऱ्यांसाठी)

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलात तर घांघरियाच्या, म्हणजे पायथ्याच्या मुक्कामाच्या गावच्या, ढाब्यांवर एखादा तरी मराठी ग्रुप भेटतोच, कोणी पुण्याचे कोणी ठाण्याचे, आणि कार्यक्रम सगळ्यांचा साधारण सारखाच. सकाळी गेटवर एन्ट्री, मग दिसेल त्या फुलाचा फोटो, आणि संध्याकाळी हॉटेलवर रजईत बसून "हे कुठलं रे?" म्हणत गुगल लेन्स. फोटो काढायला काहीच हरकत नाही, मीही काढते. पण एवढी बस, जीप, पायपीट करून तिथे पोचायचं आणि ते फूल तिथे नेमकं काय करतंय ते न बघताच परत यायचं हे मला तरी पटत नाही. त्याला बी धरायचंय, हातात थोडेच आठवडे आहेत, आणि मदतीला कोण तर चार माश्या आणि एखादा भुंगा. हे सगळं आपल्याला डोळ्याने बघता येतं, बॉटनीची डिग्री लागत नाही, फक्त एका जागी गप्प बसायची तयारी लागते. कसं बघायचं ते लिहिते.

आधी अडचण काय आहे ते कळलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. ढोबळमानाने दर १००० मीटर वर गेलं की तापमान साडेसहा डिग्रीने उतरतं. ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. बर्फ वितळायला मे-जून उजाडतो आणि सप्टेंबर सरता सरता परत गारठा, म्हणजे उगवणं, फुलणं, बी धरणं, ते पिकवणं सगळं तीन-चार महिन्यांत उरकायचं आणि त्यातले मधले दोन महिने नुसता पाऊस आणि धुकं. बहुतेक कीटकांना उडायला बाहेरची ऊब लागते, ऊन गेलं की ते पानाखाली जाऊन बसतात. १९८० च्या दशकात मेरी कॅलिन अरोयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीच्या अँडीज पर्वतात हे नीट मोजलं, की जसजसं वर जावं तसतशा फुलांना मिळणाऱ्या भेटी कमी होतात आणि जे पाहुणे येतात त्यात माश्यांचं प्रमाण वाढत जातं. आपल्या हिमालयातही वर गेलात की पहिलं जाणवतं ते हेच. मग झाडं काय करतात तर एकेक फूल जास्त दिवस उघडं ठेवतात, येणाऱ्याला जरा ऊब देतात, आणि कोणी आलंच नाही तर आपलं आपण भागवायची काहीतरी सोय करून ठेवतात. कुठलं झाड यातलं काय करतंय ते ओळखणं हाच आपला उद्योग.

कधी जायचं, किती वाजता बसायचं

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स उघडते १ जूनला आणि बंद होते ३१ ऑक्टोबरला. सगळे जुलैचा शेवट ते ऑगस्टचा मध्य पकडतात कारण तेव्हा फुलं सगळ्यात जास्त, बरोबरच आहे, पण परागीभवन बघायचं तर जूनचा शेवटही मस्त असतो. तेव्हा जागोजागी बर्फाचे पट्टे उरलेले असतात आणि बर्फ जिथे आधी वितळला तिथली झाडं पुढे गेलेली, जिथे कालपरवा वितळला तिथे आत्ता कुठे कळ्या, त्यामुळे पंधरावीस पावलं बर्फाच्या कडेकडे चालत गेलं की मागच्या आठवड्यातला सीन बघायला मिळतो. प्रिम्युला, अॅनिमोन ही मंडळी तेव्हाच. ब्रह्मकमळ बघायचं असेल तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबर, आणि तेही दरीत नाही तर घांघरियाहून हेमकुंडला जाणाऱ्या चढावर, ४००० मीटरच्या वर.

वेळ म्हणाल तर घड्याळ बघू नका, ऊन बघा. साधारण नऊ ते एक चांगलं, दुपारनंतर ढग चढतात आणि सगळा कारभार बंद. आता गंमत काय होते, ढग आला की लोक पोंचो काढून पुढे चालायला लागतात, आणि ऊन पडलं की थांबून फोटो. तुम्ही ढग आल्यावर थांबा, जागा धरून बसा, डबा खायचा तो तेव्हा खा. कारण दहा मिनिटांनी ढग फाटला आणि ऊन पडलं की पुढच्या दोन-तीन मिनिटांत माश्या कुठूनशा एकदम उगवतात, आणि ते बघण्यासारखं असतं. बसल्या जागी तुम्हाला "ऊन म्हणजे परागीभवन" हे समीकरण दिसतं. जेंशियनची फुलं जवळपास असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवा, गार झालं की मिटतात, ऊन आलं की उघडतात, परागकण भिजू नयेत म्हणून.

सामान

जास्त काही नाही. १० एक्सचं छोटं भिंग, दोरी लावून गळ्यात. मोबाईल, ज्यात स्लो मोशन आहे, कारण भुंगा फुलात नेमकं काय करतो ते नुसत्या डोळ्याला कळत नाही, व्हिडिओ स्लो करून बघितला की कळतं. वही आणि पेन्सिल, पेन नको, पावसात शाई फिसकटते. बसायला फोमची चटई किंवा जाड प्लॅस्टिक. पोंचो तर हवाच. कोविडमध्ये घेतलेली ती कपाळाला रोखायची थर्मामीटर गन कपाटात पडली असेल तर तीही घ्या, फक्त बॉडी मोड काढून सरफेस मोडला टाका नाहीतर ती पाकळीलाही "लो" दाखवत बसते. तिने उन्हातली पाकळी, सावलीतली पाकळी, शेजारचा दगड असं बघता येतं, मजा येते. परफ्यूम, सुगंधी सनस्क्रीन वगैरे शक्यतो नको, कीटकांना उगाच गोंधळात कशाला पाडायचं.

जायच्या आधी घरी एक सराव करा. पावसाळ्यात कुंडीत किंवा रस्त्याकडेला तेरडा असतोच, त्याच्या फुलाच्या तोंडात वरच्या बाजूला बघा, पुंकेसरांची, म्हणजे पराग धरणाऱ्या नर भागांची, एक छोटी पांढरट टोपी दिसेल. एकदोन दिवसांनी ती टोपी गळून पडते आणि तिच्या खालची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं मादी टोक, उघडी होते. म्हणजे तेच फूल आधी नर आणि मग मादी. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण त्या दिवसांत एवढं राजकारण चालू असतं. हिमालयात याचाच भाऊबंद, इम्पेशन्स सल्काटा, पुरुषभर उंचीचा आणि गुलाबी, दरीत रानंच्या रानं माजलेली असतात, तिथे हेच करून बघायचंय. घरी एकदा डोळा बसला की तिथे वेळ जात नाही.

जागा आणि मोजणी

पायवाट सोडून आत शिरायचं नाही हे आधीच सांगते. नॅशनल पार्क आहे, नियम तर आहेतच, पण एका बुटाखाली जे चिरडतं ते तिथल्या थंडीत परत उगवायला किती वर्षं घेईल सांगता येत नाही. वाटेच्या कडेलाच हवं तेवढं मिळतं. एखादा मीटर बाय मीटरचा तुकडा मनात आखून घ्या, ज्यात एकाच जातीची आठदहा फुलं तरी आहेत, आणि तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही असे बसा. सावलीचं विशेष लक्षात ठेवा, आपण वाकलो की फुलावर गारवा आणि माशी उडाली.

वहीत वर लिहा तारीख, वेळ, अंदाजे उंची, ऊन की ढग, वारा किती. उघडी फुलं किती ते मोजा. मग पंधरा मिनिटांचा टायमर लावा आणि फक्त बघा. कोण आलं, किती फुलांवर बसलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुलाच्या पुंकेसरांना किंवा कुक्षीला त्याचं अंग लागलं का. फुलावर बसलेला प्रत्येक कीटक परागीभवन करतो असं मुळीच नाही, कोणी नुसतं ऊन खायला बसतं, कोणी पाकळी खातं, कोळी तर शिकारीला बसलेला असतो. अंग लागलं तरच टिक. पंधरा मिनिटांत शून्य आलं तरी शून्य लिहा, खोडू नका, इतक्या उंचीवर शून्य हे नेहमीचं उत्तर आहे आणि तेच तर आपल्याला बघायचंय.

नंतर तीच जागा ढगात एकदा करा. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी हेमकुंडच्या वाटेवर तेच परत, ३२०० मीटरला एक आणि ४००० च्या वर एक. दोन पानं शेजारी ठेवली की खालचे पाहुणे आणि वरचे पाहुणे यातला फरक तुमच्याच अक्षरात दिसतो. हेमकुंडचा चढ मात्र दमवणारा आहे, घांघरियापासून सहा किलोमीटरात हजार मीटरहून जास्त चढायचं, त्यामुळे वर पोचून लगेच बसू नका, आधी चहा, मग मोजणी.

पाहुणा कोण ते ओळखा

इथे लोक सर्रास गंडतात. पिवळे-काळे पट्टे दिसले की मधमाशी, असं नाही. वर ज्या पट्टेवाल्या दिसतात त्यातल्या कितीतरी होव्हरफ्लाय असतात, म्हणजे माश्याच, सोंग मधमाशीचं. ओळखायचं सोपं आहे. माशीला पंख दोन, मिशा एवढ्याशा, आणि डोळे इतके मोठे की डोकं म्हणजे डोळेच. मधमाशीला पंख चार, मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या, आणि मागच्या पायाला परागाचे गोळे चिकटलेले दिसले तर प्रश्नच मिटला. होव्हरफ्लाय हवेत एका जागी थांबते, मग झपकन बाजूला सरकते, हे एकदा बघितलं की विसरत नाही.

माश्यांबद्दल आपल्या मनात जरा अढीच असते, घाणीवर बसणारी वगैरे. पण ४००० मीटरवर बशीसारखी उघडी पिवळी-पांढरी फुलं बघा, पोटेंटिला, अॅनिमोन, रॅनन्क्युलस, तिथे दुसरं कोणी फारसं येतच नाही. या फुलांचा आकार असा की उन्हाचं तेज मध्यभागी एकवटतं, आतली हवा बाहेरपेक्षा थोडी गरम राहते, आणि माशी तिथे नुसती बसून अंग शेकून घेते. शेकता शेकता पोट, पाय परागात माखतात. पोरांना भरवायचं नसल्यामुळे माशी मधमाशीसारखी एकाच जातीची फुलं धरून बसत नाही, मनाला येईल तिथे जाते, त्यामुळे काम तिचं जरा ढिसाळ, पण ती तिथे आहे हेच मोठं. तिच्या अंगावर केस आहेत का, केसांत पिवळी पूड आहे का, ते फोटो झूम करून नक्की बघा.

दुसरा मुख्य खेळाडू म्हणजे बंबलबी, तो जाडा केसाळ भुंगा. हा गड्यांचा गडी आहे. उडायचे स्नायू पंख न हलवता नुसते थरथरवून हा स्वतःची छाती गरम करतो, तीसेक डिग्रीपर्यंत, म्हणून सकाळच्या गारठ्यात, ढगात, रिमझिम पावसातसुद्धा कामावर हजर. तुमच्या वहीत ढगाच्या वेळचा टिक असेल तर तो बहुतेक याचाच असेल. पश्चिम चीनच्या डोंगरात ३२५० मीटरवर पकडलेले बंबलबी संशोधकांनी कमी दाबाच्या पेटीत ठेवून बघितले, २०१४ मध्ये ते छापून आलं, तर त्यातले काही ९००० मीटरच्या वर असते तेवढ्या विरळ हवेतही हवेत तरंगू शकले. म्हणजे एव्हरेस्टच्याही वर! तिथे त्यांना खायला काही नाही हा भाग वेगळा. जूनमध्ये दिसतात त्या आकाराने मोठ्या, त्या राण्या, एकट्याने घर थाटणाऱ्या. ऑगस्टमध्ये दिसतात त्या लहान, त्यांच्या कामकरी पोरी.

फुलपाखरंही असतात, पारनॅशियस म्हणजे अपोलो जातीची पांढुरकी, पंखांवर लाल ठिपके, उन्हात पंख सताड उघडून बसलेली. सुंदर दिसतात, फोटो काढा, मोजणीत फार येत नाहीत.

फुलाच्या आत बघा

आता भिंग काढा. पहिलं काम, फूल आत्ता नर आहे की मादी ते ओळखायचं. नदीकाठच्या गोट्यांत एपिलोबियम लॅटिफोलियम फुललेलं असतं, मोठी गुलाबी चार पाकळ्यांची फुलं, त्याच्यावर शिका. ताज्या फुलात पुंकेसर टवटवीत आणि मधला दांडा खाली मान घालून. जुन्या फुलात पुंकेसर सुकलेले आणि तो दांडा ताठ होऊन टोकाला चार फाटे उघडलेले, ती कुक्षी. याचाच उंच तुरेवाला भाऊ असतो, एपिलोबियम अँगुस्टिफोलियम, त्यात फुलं खालून वर उमलत जातात, म्हणजे खालची मादी झालेली आणि वरची अजून नर. भुंगा तुऱ्यावर खालून वर चढतो. दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग आधी खालच्या मादी फुलांना देतो, आणि वरून निघताना नर फुलांचे घेऊन पुढच्या झाडाकडे. हे एकदा स्लो मोशनमध्ये पकडाच, मला विचाराल तर ब्रह्मकमळाच्या फोटोपेक्षा भारी. जिरेनियमवरही तसंच बघता येतं, आधी दहा पुंकेसर, मग मधे पाच फाट्यांची चांदणी.

प्रिम्युला दिसली तर फूल न तोडता सरळ वरून नळीच्या तोंडात बघा. काही झाडांत तोंडाशी एक गोल टाचणीचं डोकं दिसेल, ती कुक्षी, पुंकेसर आत खोल. काही झाडांत उलटं, तोंडाशी पुंकेसर आणि कुक्षी खोल आत. एका झाडाची सगळी फुलं एकाच प्रकारची. टाचणीवाल्याचे पराग कीटकाच्या सोंडेवर जिथे लागतात ती जागा दुसऱ्या प्रकारच्या कुक्षीला बरोबर जुळते, म्हणून बी धरायला दोन्ही प्रकार आसपास लागतात. डार्विनने यावर वर्षानुवर्षं घालवली. तुम्ही फक्त वीस झाडं मोजा, किती हे किती ते. साधारण अर्धी अर्धी निघाली तर तिथली वस्ती ठणठणीत आहे म्हणायची.

मग पेडिक्युलॅरिस. हे झाड मला फार आवडतं म्हणून जरा जास्त लिहिते. गवताळ उतारावर वीतभर, गुलाबी किंवा पिवळी फुलं, वरच्या पाकळीची सोंड अशी वाकडी की काहींना चक्क हत्तीचं डोकं दिसतं. मुळं शेजाऱ्याच्या मुळात घालून अर्धं जेवण तिथून चोरतं, तो एक वेगळाच विषय. याच्या काही जातींत फुलाची नळी भलतीच लांब असते आणि आपल्याला वाटतं खाली मध असणार, लांब सोंडेचा कोणी येत असणार. पण या लांब नळीच्या फुलांत मध नसतोच. येतो तो बंबलबीच, आणि येतो तो परागासाठी. फुलाला धरून लटकतो आणि अंग थरथरवतो, तेव्हा नेहमीच्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीतला "झ्झ्झ" असा छोटा आवाज येतो आणि सोंडेतून पराग फसकन बाहेर. कान द्या, वारा नसेल तर दोन-तीन फुटांवरून ऐकू येतो. आणि एकाच उतारावर पेडिक्युलॅरिसच्या तीन-चार जाती शेजारी शेजारी असल्या तरी त्यांची सरमिसळ सहसा होत नाही, कारण कोणाची सोंड डावीकडे वळलेली, कोणाची सरळ, कोणाची खाली, त्यामुळे प्रत्येकीचे पराग त्याच भुंग्याच्या अंगावर वेगवेगळ्या जागी लागतात, एकीचे पाठीवर तर दुसरीचे पोटावर. भुंग्याचा क्लोजअप मिळाला तर पिवळा डाग कुठे आहे ते वहीत लिहून ठेवा.

चोरी बघायची असेल तर परत इम्पेशन्सकडे. फुलाच्या मागे जी वाकडी शेपटी असते तिच्यात मध, आणि नियम असा की पुढच्या दाराने या, टोपी डोक्याला घासून घ्या, मग मध प्या. छोट्या जिभेचे भुंगे मागून येऊन शेपटीला सरळ भोक पाडतात आणि पिऊन जातात, मग त्याच भोकाचा फायदा बाकीचे घेतात. दहा-वीस फुलांच्या शेपट्या भिंगातून तपासा, बारीक तपकिरी कडांची भोकं दिसतील. बचनागाच्या जातीतल्या निळ्या अॅकोनिटमवरही हे बघता येतं, पण ते झाड जहाल विषारी, हात लावू नका, लावलाच तर धुवा.

घांघरियाच्या जंगलातून जाताना वाटेत अॅरिसेमा दिसेल, नागाच्या फण्यासारखं, सह्याद्रीत पावसाच्या सुरुवातीला आपण ज्याला सापकांदा म्हणतो त्याचंच खानदान. यात बारीक चिलटं आत पडतात. नर झाडाच्या नळीला तळाशी एक फट असते, चिलट परागात लोळून तिथून निसटतं. मादीच्या नळीला ती फट नसते, पराग देऊन झाले की आतच मरतं. शिवाय झाड लहान असेल तर नर आणि पुरेसं पोसलं की पुढे मादी. फट खालून बघता येते, फाडायची गरज नाही.

ब्रह्मकमळ आणि बाकीचे गरम कपडेवाले

आधी एक गोष्ट, आपल्याकडे गॅलरीत रात्री बारा वाजता फुलतं आणि आख्खी सोसायटी बघायला येते ते ब्रह्मकमळ मूळचं अमेरिकेतलं निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसूरिया ऑबव्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प. त्याच्या ज्या मोठ्या फिकट पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नाहीतच, कागदासारखी अर्धपारदर्शक पानं आहेत, आणि खरी फुलं आत, जांभळ्या गुच्छांत. तळेगावला गुलाबाची पॉलिहाऊस बघितली असतील, तत्त्व तेच, उजेड आत येतो आणि ऊब आत राहते, शिवाय पाऊस आणि कडक अतिनील किरणं बाहेर. थर्मामीटर गनने आतलं तापमान कळत नाही बरं का, ती फक्त वरच्या पापुद्र्याचं दाखवते. त्याऐवजी वरून आत डोकावून बघा, बंबलबी आत शिरलेला असतो कधीकधी, आणि बाहेर पडायची त्याला अजिबात घाई नसते.

त्याच्याही वर, दगडधोंड्यांत, याचंच भावंड सापडतं, ज्याला तिकडे फेनकमल म्हणतात, नुसता पांढऱ्या लोकरीचा गोळा. फुलं लोकरीच्या आत आणि वर एक छोटं भोक, भुंगा तिथून आत जातो. हात लावून लोकर दाबू नका, भिजली की ऊब गेली.

सिक्कीम, नेपाळ, भूतानकडे गेलात तर ४००० मीटरच्या वर रियम नोबाइल दिसतं, माणसाएवढा उंच फिकट पिवळा मनोरा, मैलभरावरून ओळखू येतो. त्याची पानंही अशीच अर्धपारदर्शक, फुलं त्यांच्या खाली झाकलेली. आणि याचा सौदा अजब आहे. आत चिलटं येतात, परागीभवन करतात, आणि तिथेच अंडी घालतात, अळ्या मग काही बिया खाऊन वाढतात. झाड थोड्या बियांचं भाडं देऊन बाकीच्या पदरात पाडून घेतं. आयुष्यात एकदाच फुलून मरणारं झाड, त्यामुळे पणाला सगळंच लागलेलं. आपल्या दरीतली निळी पॉपी, मेकोनॉप्सिस अॅक्युलिआटा, तीही एकदाच फुलून मरते, म्हणून ती तोडणाऱ्याला मी तरी माफ करत नाही.

कोणी आलंच नाही तर

वहीत शून्य आलं ना, मग आता सोय शोधा. बिस्टोर्टा व्हिव्हिपारा नावाचं बोटभर झाड गवतात लपलेलं असतं, तुऱ्यात वर पांढरी फुलं आणि खाली तपकिरी-जांभळ्या गाठी. त्या बिया नाहीत, त्या इवल्या कंदिका, गळून पडल्या की सरळ नवं झाड, कधीकधी आईच्या अंगावरच त्यांना पानं फुटलेली दिसतात. फुलांतून बी क्वचितच धरतं. खडकांवर सॅक्सिफ्रागा ब्रुनोनिस बघा, लाल दोऱ्यांचं जाळं पसरलेलं आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बाळ. गवतात पिवळं डँडेलियन असेल तर त्याच्या बऱ्याच जाती परागाशिवायच बी धरतात, माशी आली काय न आली काय.

लडाखच्या उंच खिंडींत गेलात तर उशीसारखी घट्ट गोल झाडं दिसतात, थायलॅकोस्पर्मम वगैरे, त्यांच्यावर बसायचा मोह होतो, बसू नका, ती फार सावकाश वाढतात. तिथेच अँड्रोसेसची इवली फुलं शोधा. ताज्या फुलाचा मधला डोळा पिवळा, जुनं झालं की तो लाल-गुलाबी. जुनी फुलं गळत नाहीत, लांबून गुच्छ मोठा दिसायला मदत करतात, पण जवळ आल्यावर कीटकाला पिवळ्या डोळ्याचंच फूल निवडता येतं. एका गुच्छात किती पिवळे किती लाल ते मोजलं की किती फुलांचं काम उरलंय त्याचा अंदाज येतो.

सप्टेंबरात परत जाणं जमलं, किंवा ग्रुपमधलं दुसरं कोणी जाणार असेल, तर त्याच जागेचा फोटो मागवा. किती फुलांची बोंडं फुगली, किती तशीच वाळली, खरा निकाल तोच.

शेवटच्या चार गोष्टी

काहीही तोडायचं नाही, बीसुद्धा आणायचं नाही, कुंडीत इथे ते जगणार नाही आणि तिथे तो गुन्हा आहे. फुलांना पिशव्या बांधून प्रयोग करणं हे परवानगी असलेल्या संशोधकांचं काम, आपलं नाही. कड्याच्या टोकावरचं फूल सोडून द्या. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही ब्रिटिश वनस्पती अभ्यासक याच दरीत फुलं गोळा करताना घसरून गेली, तिची समाधी आत आहे, बहुतेक ग्रुप तिथे जाऊन येतात.

फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, फुलाचा एक आणि कीटकाचा एक असे दोन वेगळे रेकॉर्ड करा आणि कीटकाच्या नोटमध्ये कुठल्या फुलावर होता ते लिहा, कारण कीटक तज्ज्ञ फुलांचं पान उघडत नाहीत आणि फुलंवाले कीटकांचं. कीटकाचे तीन फोटो हवेत, वरून, बाजूने आणि तोंडाचा. सालमपंजा, अतीस असली औषधी झाडं दिसली तर लोकेशन झाकून टाका आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर जागा सांगू नका, त्यांचे कंद खणून नेणारेही तेच फोटो बघतात.